कलम अकरा, पोटकलम दोन

झोम्बाच्या जुन्या सचिवालयात, तिसऱ्या दिवशी,
वीज गेली आणि पडद्यावरचा कायदा
वाक्याच्या मध्येच विझला.
एथेल म्वांगोंडे बाई थांबल्या नाहीत.
खिडकी उघडली, खडू घेतला.
म्हणाल्या, बरं झालं, आता तुमच्याकडे फक्त डोळे आहेत.

आम्ही चौदा जण. वनं, तुरुंग, आरोग्य, जकात;
मी मत्स्य खात्याचा, एकोणीस वर्षं नोकरी.
पहिल्या दिवशी बाईंनी आमच्या मसुद्यांतली
'करण्यात येईल' मोजली होती.
माझी त्रेचाळीस.
"कोण करणार?"
मी म्हटलं, शासन.
"शासनाकडे सायकल आहे का?
न्खाटा बेच्या धक्क्यावर पहाटे चारला
शासन उठून येणार आहे का?"
तुरुंगवाल्या लिम्बिकानीला हसू आवरेना.
मग त्याचा मसुदा निघाला. साठ.

दुसरा दिवस 'आणि' नि 'किंवा' यांतच गेला.
दंड आणि कैद. दंड किंवा कैद.
दुपारी मंदासी खाताना कुणीतरी म्हणालं,
कायदा म्हणजे जाळंच, मोठा मासा फाडून जातो.
बाईंनी चहा ढवळला.
"हे ठाऊक असलेला माणूस मसुद्याला बसतो
आणि तरी भोक ठेवतो,
तेव्हा त्याला म्हण म्हणत नाहीत."

आज माझी पाळी. फळ्यावर माझं कलम:
'तलावाच्या काठापासून पाचशे मीटरच्या आत
जी कोणी व्यक्ती मच्छरदाणी बाळगील,
ती अपराधी ठरेल.'
मला अभिमान होता त्याचा.
मच्छरदाणीनं लोक बोटाएवढी पिल्लं उपसतात.
'मासेमारीसाठी' हा शब्द मीच खोडला होता;
त्या एका शब्दाच्या फटीतून सात खटले सुटले होते.

"मोठ्यानं वाच," बाई म्हणाल्या. "इंग्रजीत नको.
कायदा इंग्रजीत असतो,
दंड आपापल्या भाषेत भरावा लागतो."
मी तुम्बुकात वाचू लागलो
आणि वाक्य चालत चालत घरात शिरलं.

तावोंगा, माझी बहीण, काठापासून साठ पावलांवर राहते.
तीन मुलं, एक खाट, एक निळी मच्छरदाणी,
सरकारनंच दिलेली, दवाखान्यात अंगठा घेऊन.
रात्री ती तिच्या कडा गादीखाली खोचते.
अपराधी ठरेल.
धाकट्याला हिवतापानं धरलं होतं, म्हणून तो मधोमध.
तोही, जी कोणी व्यक्ती.

कुणी हसलं नाही.
आरोग्य खात्याच्या बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.
"वाक्यात कोण झोपलंय, ते आधी बघायचं,"
एवढं बोलून एथेल बाईंनी खडू माझ्या हातात दिला.

मी 'मासेमारीसाठी' परत लिहिलं.
सात खटले आठवले. खोडलं.
'पाण्यात' लिहिलं. 'ओढताना'. 'होडीत, ओली'.
लिम्बिकानी म्हणाला, आणि वाळत घातलेली असली तर?
आरोग्यवाल्या बाई म्हणाल्या, लोक ती धुतात तलावातच.
फळा पुसून पुसून पांढरा झाला, माझी बाहीसुद्धा.

तेवढ्यात वीज आली.
पडद्यावर माझं जुनं कलम,
टंकलेलं, एकही कानामात्रा न चुकलेलं,
लख्ख उभं राहिलं.
बंद करा ते, कुणीतरी ओरडलं. मीच असेन.

रात्री वसतिगृहातून बहिणीला फोन लावला.
मच्छरदाणी कुठं धुतेस?
"का? सरकारला काय करायचंय?"
मग म्हणाली, खडकापाशी. धाकटा कमरेएवढ्या पाण्यात
एक टोक धरून उभा राहतो, दुसरं माझ्याकडे.
मासे येतात त्यात?
ती जरा थांबली.
"येतात कधी कधी. मग काय, सोडून देऊ?"

मी वही उघडली.
'परंतु' असं लिहिलं, पुढं स्वल्पविराम दिला.
पठारावर उजाडलं तेव्हा
मी अजून त्या स्वल्पविरामापाशीच होतो.