अल्पपरिचय

साहेब म्हणाले, एक पान पुरे,
स्मरणिकेत जाहिराती खूप आहेत.

म्हणून लिहितोय :
कै. पोशट्टी नरसय्या कोंडलवार.
जन्म किनवट तालुका. तारीख मास्तरांनी दिलेली, एक जून.
शिक्षण मॅट्रिक नापास, पुढे खाणीतलं सरदारचं सर्टिफिकेट.
नोकरी बेल्लमपल्ली, कोळसा, अठरा वर्षं.
मग सरपंच. पंचायत समिती. बांधकाम सभापती.
जिल्हा परिषद अध्यक्ष, एक वर्ष चार महिने.

पान निम्मंही भरत नाही.

सरदार म्हणजे तलवारवाला नव्हे, हे कुठं लिहू?
पाळी सुरू व्हायच्या आधी तो एकटा आत जातो,
काठीनं वरचं छत ठोकतो
आणि कान देतो.
टण् वाजलं, माणसं आत.
ढब् वाजलं, माणसं बाहेर.
पगार त्या कानाचा.

ती सवय ते नांदेडला घेऊन आले.
कंत्राटदार बोलत असताना,
कलेक्टर बोलत असताना,
मुंबईहून आलेला निरीक्षक निष्ठेवर बोलत असताना
पेनाचं बूड टेबलावर. टक्. टक्.
मग माझ्याकडे वाकून,
"पोकळ हाय रे बाबू, ऐकूलालास का?"
मी इतिवृत्त लिहीत असायचो.
त्यात आवाजाला रकाना नसतो.

नागूगुड्याच्या शाळेचं उद्घाटन.
मंडप, फीत, ताटात कात्री, पोरींच्या हातात झेंडूची फुलं.
त्यांनी एका म्हाताऱ्याची काठी मागून घेतली
आणि एकेक खोली ठोकत गेले.
तिसऱ्या खोलीत बराच वेळ उभे.
बाहेर आले ते फीत न कापताच जीपमध्ये बसले.
बिल अडवलं.
कंत्राटदार कुणाचा मेहुणा होता ते सगळ्या जिल्ह्याला माहीत,
मी इथं लिहीत नाही.

सहा आठवड्यांत अविश्वास ठराव.
पहिला हात वर गेला पुतण्याचा, राजेश्वरचा,
ज्याच्या क्रशरसाठीच्या शिफारसपत्रावर
त्यांनी काहीही न ठोकता सही केली होती.
मीच टाईप केलं होतं ते. तीन प्रतींत.

त्या रात्री किनवटला सोडायला गेलो.
हिमायतनगरच्या पुढं फाटक बंद, मालगाडी यायची होती.
ड्रायव्हर तंबाखू मळायला उतरला.
काच खाली करून ते म्हणाले,
एकदा ढब् वाजलं होतं.
मॅनेजर म्हणला, महिनाअखेर हाय, दोन टेकू जास्त लाव.
मी लावले.
संध्याकाळी दिव्याच्या खोलीत
पितळेचे बिल्ले परत येतेत, खिळ्याला लागतेत,
चार खिळे मोकळेच राहिले.
मी विचारलं, तुम्ही सांगितलं नाही कुणाला?
गाडी आली. डबे मोजले त्यांनी, ओठांतल्या ओठांत, तेलुगूत.
फाटक उघडलं.
"चाल."

आता खरं तर हेही लिहायला हवं
की नागूगुड्याचं छत पडलं नाही.
बिल पुढच्या अध्यक्षांनी काढलं,
शाळा भरते, एकवीस वर्षं झाली.
मागच्या महिन्यात तपासणीला गेलो होतो,
तिसऱ्या खोलीत पोरं सतराचा पाढा म्हणत होती.
बाई बाहेर गेल्यावर मी छत्रीचं टोक वर नेलं
आणि तसंच खाली घेतलं.
आपल्याला काय कळतंय.

साहेबांनी मसुदा वाचला.
"दूरदृष्टी" हा शब्द पाहिजे म्हणाले, सगळ्यांना टाकलाय.
टाकला.

फोटो घरून मागवला.
काकूंनी पाठवला तो खाणीतला,
डोक्याला दिवा, अंगभर काळं,
पाचजण ओळीत, हसताहेत,
पाचांचेही दातच तेवढे दिसतात.
मागं काही लिहिलेलं नाही.
प्रेसवाला दोनदा फोन करून विचारतोय,
यातले अध्यक्ष कोणते,
बाकीचे चार कापायचेत.