कोरा तुकडा

मॉलमधली जीन्स माझ्या मांडीशी येऊन अडायची.
मांडीला आली, तर कमरेत मूठ शिरायची.
दस्तगीरचाचा टेप न उचलताच म्हणाले,
"फौंड्रीत उभं ऱ्हाऊन काम करतोस न्हवं?
कंपनीनं तुझं माप घेतलंय कुठं?"

उद्यमनगरच्या बोळात, लेथच्या आवाजाला लागून
त्यांचं मशीन.
कापड चौदा औंसाचं, इतकं ताठ
की भिंतीला टेकवलं तर उभं राहील.
सुई दोनदा मोडली.
तिसरीला त्यांनी साबण लावला.
कमरेमागचा चामड्याचा तुकडा सुभाषनगरातनं,
चपलेच्या पट्ट्यातनं उरलेला.
"ह्यावर नाव काय घालू?"
मी परदेशी नावं आठवत बसलो.

चौथ्या महिन्यात निळा रंग उतरला
गुडघ्यावर, खिशातल्या मोबाईलच्या चौकोनावर,
आणि साच्याची काळी वाळू
मी हात पुसतो तिथं.
तुकडा अजून कोराच.

परवा दाखवायला गेलो.
चाचा लेंग्यात. जन्मभर लेंग्यातच.
खाली वाकून दुमड उलटली,
शिवणीवरनं अंगठा फिरवला,
आणि वर न बघता विचारलं,
"उकडतं का रं हिच्यात?"