धोका : तीन

पहिल्या वहीत मी सुसरीला सगळं दिलं होतं.
सासष्ट दात, पाठीवर चिलखत,
शेपटीच्या तडाख्याला वेगळा फासा,
चिखलात धावली तर वजा दोन.
बांधावरच्या दर पावलाला एक फासा टाकायचा.
आडपईच्या मानशीपासून पलीकडच्या माडांपर्यंत
पोचायला आम्हाला तीन शनिवार लागले
आणि इनास दुसऱ्याच शनिवारी
उंड्याचा तुकडा चहात तसाच ठेवून झोपला.

मग मी खोडत गेलो.
दात खोडले. शेपूट खोडली.
फुरसं, रात्रीचे चोरटे, झिंगून आलेला मुकादम,
भरतीला खचणारा बांध,
सगळ्यांना एका चौकटीत कोंबलं, वर लिहिलं :
धोका, तीन.
ज्याचा फासा तीनच्या वर तो पार.
इतकं सुटसुटीत
की माझा मलाच हेवा वाटला.

सुकांतीने फासा टाकला. पाच.
"पार झाले," ती म्हणाली. "पण कशातून?"
मी वहीत पाहिलं.
वहीत तीन होतं.

म्हाबळू तोवर बोलला नव्हता.
त्याचा बापूय मानशीचं दार राखायचा,
भरती-सुकती बोटांच्या पेरांवर.
म्हणाला, मांगें कधी दिसत नाही रे.
जाळं ओढता ओढता बापूय मध्येच हात थांबवायचा.
मी विचारायचो, काय झालं?
तो म्हणायचा, शेवटे उडेनासे झाले.
एवढंच.
मग आम्ही जाळं तिथेच टाकून घरी.
तुझ्या वहीत
त्या घरी येण्याला किती गुण?

नव्हतेच.

त्या रात्री एक वर्तुळ काढलं, चार फोडींचं,
नीरफणसाची चकती कापावी तसं.
पहिली फोड भरली : शेवटे उडत नाहीत.
दुसरी : पलीकडच्या काठावरचा कुत्रा
भुंकता भुंकता गप्प.
तिसरी : वारा नाही, तरी
कंदिलाचा पाण्यातला उजेड हलतो.
चौथीपुढे काही लिहिलं नाही.
लिहायला बसलो की
पुन्हा दात सुचायला लागतात.

पौषातल्या अवसेला म्हाबळू मला खाजनात घेऊन गेला.
त्याचे काका गुडघ्यांवर बसून
ओल्या चिखलाची सुसर थापत होते,
पाठभर खुबे रोवत, खवले म्हणून.
मी सवयीने मोजू लागलो.
"कितें मेजता रे?" काकांनी मान वर न करता विचारलं.
"मेळ्ळे तितले लायले."
मग फुलं, गूळ, एक नारळ,
आणि मंडळी तिच्याकडे पाठ करून
मिरचीच्या भावावर वाद घालत
त्याच बांधावरून परत निघाली.
मीच तेवढा दोनदा मागे वळलो.

काल शनिवार.
दिवे गेलेले, म्हणून मेणबत्ती.
तिसरी फोड मी पेन्सिलीने भरली, सावकाश,
आणि कुणीच काही बोललं नाही.
सुकांतीचा फासा टेबलाच्या कडेवरून घरंगळला,
खाली अंधारात, इनासच्या खुर्चीकडे.
इनास जागा होता.
त्याने आधी एक पाय, मग दुसरा
हळूच वर घेतला.

फासा किती पडला
ते अजून पाहायचं आहे.