गाठीपाशी

मिरजेत, लक्ष्मी मार्केटच्या मागे,
दस्तगीर खाटकाला आता सवय झालीय.
"पाय तोडू नका, अख्खेच द्या," म्हटलं की
सुरी पुसत विचारतो,
"डॉक्टरीणबाई, आज किती शेळ्यांचं ऑपरेशन?"

बत्तीस.
मिठाच्या पाण्यात बत्तीस कंडरा,
सोललेल्या लसणासारख्या पांढऱ्या.
एकेक मधोमध कापायची, चार पदरांनी सांधायची,
आणि मशीनच्या जबड्यांत धरून
तुटेपर्यंत ओढायची.

रेशीम लवकर जातं.
नायलॉन ताणत राहतं, तुटत नाही, पण काय उपयोग,
मध्ये दोन मिलिमीटर फट पडलेली असते
आणि धागा मात्र शाबूत.
पॉलिप्रॉपिलीन रिळाचा पीळ विसरत नाही.
विणलेलं पॉलिएस्टर:
एकेचाळीस न्यूटन, अडतीस, त्रेचाळीस.

शेवटचा रकाना, कुठे तुटलं?
गाठीपाशी. गाठीपाशी. गाठीपाशी.
एकदाच कंडरा फाडून.
पुन्हा गाठीपाशी.

वॉर्डात रामलिंग तारळेकर, विट्याचे,
अठ्ठावीस वर्षं पॉवरलूमवर.
लूमनं कधी ओरखडा काढला नाही,
चहाचा ग्लास धुताना फुटला
आणि मधल्या बोटाची शीर गेली.
हात पट्टीत, बोटं वाकलेली,
मूठ मिटता मिटता थांबल्यासारखी.

"धागा कुठला घातलाय?"
सांगितलं.
"किती पदरी?"
चार.
"बरा. आणि गाठ?"
मी गप्प.
"बाई, सूत गाठीपाशीच जातं.
आम्ही गाठ बारकी मारतो.
फणीतून निघताना तिच्याकडं बघत नाही,
कान देतो."

सर म्हणाले, नमुने वाढव, चाळीस तरी हवेत.
हे कान देण्याचं मी त्यांना सांगितलं नाही.

दहावा दिवस. सांधा सगळ्यांत कच्चा असतो तेव्हा.
"हलवा. पण काही धरू नका,
टॉवेलसुद्धा नाही."
त्यांच्या तळव्यावर माझं बोट टेकवलं.
त्यांनी डोळे मिटले, मीही.
कातडीखाली काहीतरी
सरकलं,
अडलं जरा,
सरकलं.

"निघाली का?" त्यांनी विचारलं.
निघाली, मी म्हटलं. आजच्यापुरती.

उद्या पहाटे पुन्हा दस्तगीरकडे.
आठ कमी पडतात.