तीन मिनिटं झाली

पैज लागली होती व्हेनिसमध्ये,
निकाल लावायला आलो झिरो माइलला.

तिथल्या चर्चच्या माथ्यावरचे चार घोडे दाखवत
गाईड सांगत होती: हे लुटून आणलेले,
मग यांनाही कोणी लुटून नेलं, मग परत आले,
आता खरे आत, खोटे बाहेर.
तेवढ्यात सुशीला गजभिये म्हणाली,
"आपल्या झिरो माइललाही चार आहेत."
मंदा खापेकर म्हणाली, "तीन."
अख्खा जन्म ड्यूटीला जाता-येता त्यांच्या शेजारून गेला
अन् खात्री एकीलाही नाही.
पैज पन्नासची. रुपयांत, मंदानं बजावलं.

आम्ही चौघी ट्रंक एक्सचेंजच्या.
कानाला हेडफोन, पुढ्यात दोऱ्यांचं जंजाळ,
अकोला, रायपूर, जबलपूर, कलकत्ता.
माणसं रडायची, भांडायची, सोयरिकी जमवायची,
अन् आम्ही मध्येच तोंड घालायचो,
"तीन मिनिटं झाली, वाढवू?"
विदेशाचा कॉल मुंबईच्या स्वाधीन करून मोकळ्या.
लंडन म्हणजे आमच्यासाठी एक खरखर
अन् त्या खरखरीच्या तळाशी कोणाचं तरी हॅलो.

म्हणून नऊ वर्षांची भिशी फोडली.
अकरा दिवस, सात देश,
पुढे पराग, त्याच्या छत्रीला बांधलेला लाल रुमाल,
त्या रुमालामागे आम्ही एक्केचाळीस जण.
व्हेनिसला साडेतीन तास.
त्यातला एक काच फुंकणाऱ्याकडे,
पाऊण बाथरूमच्या रांगेत. माणशी दीड युरो.
मंदानं तो रांगेतच रुपयांत गुणून सांगितला,
दोघींना लागलेली होती, ती गेली.

अन् छबू ठवरे हरवली.

गल्लीतून गल्ली, पुलावरून पूल,
जिथं रस्ता पाहिजे तिथं पाणी,
आम्ही ओरडत फिरलो, "छबे! ओ छबे!"
भिंतींनी नाव दोन-दोनदा घेतलं,
एका म्हाताऱ्यानं खिडकी लावून घेतली.
चाळीस मिनिटांनी सापडली,
एका चौकातल्या झाकलेल्या विहिरीच्या कठड्यावर,
चपला काढून, पाय हलवत.
परागनं हात जोडले. बोटीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या,
त्या रागाच्या होत्या.
ती काही बोलली नाही. ना बोटीत, ना रात्री खोलीत,
ना विमानात, जिथं झोप न आलेला माणूस काहीही सांगून टाकतो.

आज मेची चौदा. सकाळचे साडेआठ अन् ऊन असं
की डोक्यावर त्याच टुरच्या पिवळ्या टोप्या,
"तेवढ्याच वसूल झाल्या," मंदा म्हणते.
घोडे मोजले. एकीनं इकडून, एकीनं तिकडून.
चार.
सुशीलानं पन्नासची नोट घडी करून पर्समध्ये टाकली
अन् त्यातूनच आम्हाला तर्री-पोहे सांगितले.

ठेल्यापाशी उभ्या उभ्या, प्लेटमधला चणा हुडकत
छबू म्हणाली, "ऐकू येत होतं मले."
"काय?"
"तुमच्या हाका. सगळ्या.
सुशीचा आवाज तर पुलाखालून निघून आला."
"मंग बोलली काहून नाही, माय?"

एकतीस वर्षं हिच्या बोर्डावर दिवा लागला
अन् हिनं घेतला नाही, असं झालं नाही.
अंगात ताप असताना. पोरीच्या लग्नाच्या आदल्या रात्री.
नवऱ्याच्या तेरवीनंतर तिसऱ्या दिवशी.

"वाजू दिलं," ती म्हणाली.
"एकदा पाहाचं होतं, वाजू दिलं तर काय होते."

कोणी काही बोललं नाही. मेट्रो वरून गेली.
मला थोडं लागलं, खोटं कशाला सांगू,
ओरडून ओरडून माझा घसा
स्वित्झर्लंडपर्यंत बसला होता.
मंदा बोटांवर लागली होती,
"चाळीस. तेरा त्रिक एकोणचाळीस.
एक मिनिट वर जाते, छबे.
ते कोणाच्या नावावर लिहू?"

छबूनं प्लेट पुढे केली,
आमच्याकडे नाही, ठेल्यावरच्या पोराकडे.
त्यानं पळी उचलून विचारलं, "वाढवू?"

"वाढव."