किणेकरचं नाव

रात्री तीनला लगमण्णानं काठीनं दार वाजवलं
कंट्रोल रूमचं. मेंढरं खालच्या शेतात बसवलेली,
अंगावर घोंगडं, पायताणाला चिखल.
"गाळी ई कडे," म्हणाला, "फॅन आ कडे."

कन्नडात वाऱ्याला गाळी म्हणतात.
मी येळ्ळूरची. यरगट्टीच्या पुढं या माळावर आले
तेव्हा पहिले सहा महिने मला वाटायचं
हा माणूस येता-जाता शिव्या घालतोय.

स्क्रीनवर सगळं हिरवं होतं.
बेचाळीस पवनचक्क्या, बेचाळीस हिरवे ठिपके,
फ्रिक्वेन्सी पन्नासला टेकलेली.
सतरा नंबर: चालू, तोंड पश्चिमेला, तक्रार नाही.
मी त्याला ते दाखवलं.
त्यानं तिकडं बघितलंसुद्धा नाही.
बाहेर नेलं, बोट ओलं करून वर धरलं,
मग तेच बोट सतराच्या लाल दिव्याकडं.

सतरानं वाऱ्याकडं पाठ केली होती.
आणि आम्ही उभं असतानाच अठरा वळायला लागली,
सावकाश, कुणी न बोलावता,
लग्नात रुसलेल्या मामीसारखी.

स्क्रीन अजून हिरवीच.

दारापासून टेबलापर्यंत दहा पावलं.
तेवढ्यात डोक्यात काय काय येऊन गेलं:
सगळ्या एकदम वळल्या, एकदम थांबल्या तर
बैलहोंगलच्या दवाखान्यात काचेच्या पेटीतली बाळं,
गोकाकच्या गिरणीतली रात्रपाळी,
आणि धक्का पुढं गेलाच तर पलीकडं गडहिंग्लज, चंदगड.
तारेला सीमाप्रश्न शिकवलेला नाही कुणी.

निळी वायर उपटली.
आवाज एवढासा, पेनाचं टोपण निघाल्यासारखा.
मग बेंगळुरूला फोन.
घाबरल्यावर माझं कन्नड सुधारतं.
बसलिंग बॅटरी घेऊन सतराच्या पोटात चढला,
ऐंशी मीटर, शिडीनं, देवाचं नाव घेत,
आणि तिला हातानं वळवून आणलं
बैल वळवतात तसं.

पहाटे नोंदी उघडल्या.
दोन एक्कावन्नला कोण आत आलं होतं?
व्ही. किणेकर.

विठोबा किणेकर, कडोलीचा, कंपनीचा माणूस,
डब्यात नेहमी वाटाण्याची उसळ.
दोन वर्षं झाली त्याला मस्कतला जाऊन.
निरोपाला आम्ही कुंदा वाटला होता.
माणूस गेला, खुर्ची गेली, उसळीचा वास गेला,
नाव तेवढं मागं राहिलं
आणि पासवर्ड, त्यानं पहिल्या दिवशी
पॅनेलच्या दारावर चिकटवलेला, एक-दोन-तीन-चार.

मी त्याला फोन लावला.
"मी झोपलोय की गं हितं," म्हणाला,
आणि मग बराच वेळ काहीच बोलला नाही.

आमच्या बेळगावात पाट्यांवरची नावं पुसायला
रात्रीतून माणसं येतात, डांबर घेऊन, शिडी घेऊन.
पन्नास-साठ वर्षं नावं पुसायची सवय असलेला हा मुलूख,
आणि जे एक नाव पुसायचं होतं
ते पुसायला कुणालाच सवड झाली नाही.
मलाही नाही. त्या कागदाखाली
मी रोज चहाचा कप ठेवत होते.

साडेसहाला काढलं.
यंत्रानं विचारलं: नक्की?
कुणाचं तरी तेरावं घालताना विचारावं तसं.
मी होय दाबलं. किणेकरचं जाणं
त्या सकाळी कुठं पूर्ण झालं.

कोण होता, कुठल्या देशातून आला होता,
हे शोधणारे लोक आता येतात, जातात, सह्या घेतात.
नवे पासवर्ड लांबलचक आहेत,
अर्धे मराठी अर्धे कन्नड; मला स्वतःला
दोनदा चुकल्याशिवाय आत जाता येत नाही.

आणि कागदाची वही पुन्हा काढलीय,
लाल कापडाच्या पाठीची.
त्यात मी एक जास्तीचा रकाना आखला.
साहेब हसले. हसू देत.

काल रात्रीची नोंद:
सतरा, वाऱ्याकडं.
स्क्रीन म्हणते तसंच.
बघितलं कुणी: लगमण्णा, मेंढरांसकट.