लोकरीचा धागा

खाणीनं गावाखालचं लोखंड खात खात
नगरपालिकेच्या पायापर्यंत मजल मारली,
म्हणून किरुनाचा मधला भाग
उचलून पूर्वेला न्यायचं ठरलं.
नकाशा माझ्याकडे.
मी रस्ते आखले पट्टीनं, अगदी सुतात.

व्हिएनो लान्तो, बूट शिवणारी, वय एक्क्याऐंशी,
नव्या चौकात आली उणे बावीसमध्ये.
पिशवीतून लाल लोकरीचा तुकडा काढला,
हात वर करून उभी राहिली.
लोकर आडवी, ताठ.
"इथं कोण थांबेल गप्पा मारायला?
आमचा जुना रस्ता वाकडा होता ना,
तो वाऱ्याला चकवायला.
तुम्हाला वाटलं, आखणाऱ्याचा हात हलला."

मी गप्प. नाक गळत होतं.

मग अंधार पडेस्तोवर फिरलो.
जिथं धागा खाली लोंबेल
तिथं मी बर्फात काठी रोवायचो.
अंधार दोनलाच पडला.
वळून पाहिलं तर काठ्यांची रांग
दारू पिऊन घरी निघालेली.

तीच ओळ नकाशावर उतरवली.
साहेबांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, रस्ता.

तिचं दुकान मात्र तिथं आलं नाही.
भाडं परवडेना.
लोकर माझ्या टेबलाच्या खणात आहे.